यादीतलं सहावं नाव

मगदूम सरांनी मोबाइल दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरला होता आणि लॅबमधल्या टेबलांच्या रांगांतून ते एकेक पाऊल मोजून टाकत होते. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आमचे शिपाई शिदूमामा. केर काढता काढता बोलावलं म्हणून मामांच्या हातात झाडू तसाच होता. सकाळचे साडेनऊ झाले होते.

"बाई, इथं बावन्न दाखवतोय," सर म्हणाले. "लिहून घ्या."

मी वहीत बावन्न लिहिलं. बोलले नाही, कारण गुरुवार होता. गुरुवारी दुपारी साडेबारापर्यंत माझं मौन असतं. सव्वीस वर्षांचा नेम. त्यात बाळंतपण झालं, सासूबाई गेल्या, एकदा गॅस सिलिंडरच्या नळीने पेट घेतला, तरी मोडला नव्हता. नळीच्या वेळी मी शेजारच्यांचं दार ताटलीने वाजवलं होतं. सरांना हे सगळं ठाऊक होतं, आणि माझ्या अंदाजाने त्यांना गुरुवार आवडायचा.

गोष्ट कुरुंदवाडची, आता सात वर्षांपूर्वीची. एस. टी. स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. सर केंद्रप्रमुख आणि मी कार्यालय अधीक्षक. त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात पंचगंगेचं पाणी शिरोळच्या रस्त्यावर आलं, एस. टी. बंद झाली, आणि आमच्या अकरा मुलींची सांगलीला असलेली ऑनलाइन परीक्षा हुकली. संगणकावरची परीक्षा, त्या वर्षी पुन्हा घेत नाहीत. त्या अकराजणी स्टँडच्या बाकावर हॉल तिकिटं हातात घेऊन बसलेल्या मी खिडकीतून पाहिल्या होत्या. परीक्षेचं केंद्र आपल्याच गावात आणायचं, हे सरांनी त्या दिवशी ठरवलं. अर्ज, फोटो, अग्निशमनाचा दाखला, सगळं झालं. उरली होती ती पुण्याहून येणाऱ्या साहेबांची तपासणी, आणि ती त्याच गुरुवारी साडेअकराला होती.

तपासणीत एक अट कडक होती. परीक्षेच्या खोलीत कुठलंही वायरलेस नेटवर्क असता कामा नये. संगणक तारेने जोडलेले, आणि हवेतून काही नाही. हे बघायला एक ॲप असतं. मोबाइलवर ते उघडलं की आजूबाजूला जेवढी वायफाय नेटवर्कं असतील त्यांची यादी येते, आणि प्रत्येकापुढे सिग्नल किती जोरात आहे त्याचा आकडा. आमच्या तबस्सुम मुल्लाने, म्हणजे लॅब शिकवणाऱ्या मुलीने, ते सरांच्या आणि माझ्या मोबाइलवर घालून दिलं होतं. आदल्या संध्याकाळी तिने स्वतः खोलीभर फिरून सर्व्हे केला. यादीत सहा नावं निघाली. पाच ओळखीची होती, बँकेचं, दवाखान्याचं, अशी; ती लांबची आणि क्षीण. सहावं कुणाचंच नव्हतं. नाव नुसती अक्षरं आणि आकडे, आणि सिग्नल दणकून. गुरुवारी पहाटे ती साहेबांना आणायला मिरज स्टेशनवर गेली आणि एस. टी.तून तिने सरांना फोन केला, की आम्ही पोचायच्या आत ते सहावं कुठून येतंय ते शोधा. बसच्या खडखडाटात सरांना ऐकू आलं ते एवढंच, की आकडा बघत जा, जिथे जास्त तिथे यंत्र.

म्हणून आम्ही निघालो होतो.

दाराशी आकडा एकसष्ट झाला. जिन्यात सत्तर. सरांचा चेहरा उजळला. "वाढतंय बाई. खालीच आहे कुठंतरी." रस्त्यावर एकोणऐंशी. सर मोबाइलवरची नजर न काढता रस्ता ओलांडायला लागले तेव्हा शिदूमामांनी झाडू आडवा धरून रिक्षा थांबवली.

मी सरांच्या मोबाइलमध्ये डोकावले. आकड्यांच्या आधी एक बारीक रेघ होती. मी सरांच्या पुढे जाऊन मोबाइलवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. आकडा वजा आहे, म्हणजे जितका मोठा तितका सिग्नल कमी, आपण उलटे चाललोय, एवढं सगळं मला एका बोटाने सांगायचं होतं.

"तो चरा आहे बाई," सर म्हणाले. "गेल्या महिन्यात जिन्यात पडला ना फोन, तेव्हापासून आहे."

रस्त्यापलीकडे बाबूराव चौगुल्यांचं पेढ्यांचं दुकान होतं. त्यांच्या पायरीवर आकडा अठ्ठ्याऐंशी झाला आणि सर थांबले. बाबूराव कढईत खवा ढवळत होते. सरांनी त्यांना सरळ विचारलं, की तुम्ही नवीन काय बसवलंय. बाबूराव म्हणाले, पंखा. सर म्हणाले, वायफायचं विचारतोय. मग सर कढईच्या एका बाजूला मोबाइल धरून बघू लागले, मग दुसऱ्या बाजूला.

बाबूरावांनी ढवळणं थांबवलं. "काय ओ सर, खव्यात काय शोधताय? माझ्याकडं एक फोन हाय, बटनाचा. त्याला माझी बायकोसुद्धा लागत न्हाई."

"सिग्नल खोटं बोलत नाही, बाबूराव."

"मग मी बोलतोय व्हय खोटं?"

गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. मला वाद सोसत नाही. बोलता येत असतं तरी मी मध्ये पडले नसते, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी सरळ रस्ता ओलांडून लॅबमध्ये परत आले आणि माझा मोबाइल उघडला.

माझ्या काचेला चरा नव्हता. रेघ तिथेही होती.

मी दारापासून चालायला लागले. प्रदक्षिणेची सवय असली की पाय आपोआप सावकाश पडतात. वजा साठ. वजा बावन्न. मधल्या रांगेत वजा पंचेचाळीस. फळ्याकडे जाताना आकडा भराभर उतरू लागला, अडतीस, तीस, आणि समोरच्या भिंतीशी सरस्वतीच्या तसबिरीखाली वजा बावीसवर येऊन थांबला. मी मोबाइल डावीकडे नेला, उजवीकडे नेला, मागे घेतला. मग पुढे केला.

तसबिरीपुढे माझा दिवा होता.

तो विजेचा होता. लॅबमध्ये तेलाचा दिवा लावायला अग्निशमनवाल्यांनी मनाई केली होती, म्हणून माझ्या बंगळुरूच्या भाच्याने पाठवलेला, समईच्या ज्योतीच्या आकाराचा दिवा मी गुरुपौर्णिमेला तिथे लावला. मोबाइलवरून त्याचा रंग बदलता येतो असं भाचा म्हणाला होता. मला रंग बदलायचा नव्हता, त्यामुळे मी तो कधी कशाला जोडलाच नाही. आणि लावताना संकल्प सोडला होता, की परीक्षेचं केंद्र मंजूर होईपर्यंत हा दिवा विझू देणार नाही. वीज गेली तरी जाऊ नये म्हणून तो ऑफिसच्या छोट्या यूपीएसवर लावला होता. पंचवीस दिवस तो अखंड जळत होता.

मी खुर्चीवर बसले. घड्याळात सव्वादहा झाले होते.

थोड्या वेळाने सर आले. हातात पाव किलो पेढ्यांचा पुडा. बाबूरावांशी समेट झाला असावा. "तिथं नाही," ते म्हणाले, "पुढं आकडाच नाहीसा होतोय. बाई, तुमचा चेहरा असा का?"

मी फळ्यावर लिहिलं: सहावं नेटवर्क दिव्याचं आहे.

सर हसले. मग माझा मोबाइल घेऊन दिव्याजवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ गेले. रेघेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि बोटाने काच पुसून बघितली. त्यांनी सरळ दिव्याच्या पिनेकडे हात नेला. माझा हात त्यांच्या आधी तिथे पोचला.

"बाई, हात काढा."

मी मान हलवली. दुसऱ्या हाताने फळ्यावर संकल्प लिहिला. सरांनी तो वाचला, आणि शाळेत गणित न सुटलेल्या मुलासारखे पहिल्या बाकावर जाऊन बसले.

"म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "दिवा असेपर्यंत केंद्र मिळणार नाही. आणि केंद्र मिळेपर्यंत दिवा जाणार नाही."

शिदूमामा म्हणाले, अवघड आहे.

सरांनी दत्ताच्या वाडीच्या आमच्या गुरुजींना फोन लावला. ते अभिषेकाच्या घाईत होते. दिव्याने दिवा लावून घ्या, म्हणाले, पहिल्याची ज्योत दुसऱ्या वातीला दिली की अखंडपणा मोडत नाही, मग पहिला शांत करा. सर म्हणाले, ज्योत नाही गुरुजी, बल्ब आहे. पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. शेवटी गुरुजींनी विचारलं, बल्ब तुम्हाला कुणी सांगितला होता, आणि फोन ठेवला. सरांनी तरीही एक उदबत्ती आणवून बल्बला टेकवून पाहिली. वास आला, पेटली नाही.

मार्ग मला सुचला, आणि त्यात माझी हुशारी काही नाही. त्या दिव्याची वायर पंचवीस दिवस रोज पुसत होते, म्हणून सुचला. दिवा यूपीएसला जोडलेला होता. यूपीएसची पिन भिंतीतून काढली तरी पंधरा-वीस मिनिटं तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो. म्हणजे दोन्ही मिळून उचलले, तर दिवा न विझता खोलीबाहेर जाईल. मी फळ्यावर चित्र काढलं. शिदूमामांना आधी कळलं.

यूपीएस भिंतीतून सुटला की दर दोन सेकंदांनी किंचाळतो. तो मामांनी डोक्यावर घेतला. मी दिवा ओंजळीत धरला. आमच्यामध्ये हातभर वायर, त्यामुळे मला मामांच्या अगदी पाठीला लागून चालावं लागत होतं. दिवा एकटा कसा न्यायचा म्हणून सरांनी सरस्वतीची तसबीर घेतली. असे आम्ही जिना उतरलो. ट्याँ, ट्याँ आवाज ऐकून स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. दोघांनी चपला काढल्या. एका आजीबाईंनी दिव्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि मामांना विचारलं, कसली पालखी म्हणायची ही.

"तपासणीची," मामा म्हणाले.

आजींनी हात जोडले.

जवळपास विजेचा प्लग आणि ओळखीचं माणूस, दोन्ही एकाच ठिकाणी होतं. सर तसबीर छातीशी धरून बाबूरावांच्या पायरीवर उभे राहिले. तासाभरापूर्वी ज्यांच्याकडे नेटवर्क नाही म्हणून भांडण झालं होतं, त्यांच्याकडे ते आता ठेवायला द्यायचं होतं. सरांनी घसा साफ केला. बाबूराव सरांकडे, माझ्याकडे आणि मामांच्या डोक्यावरच्या किंचाळणाऱ्या डब्याकडे बघत राहिले.

"आत घ्या आधी," ते म्हणाले. "खवा करपतोय."

दर्शनी कपाटात दिवा ठेवला आणि मी लॅबमध्ये जाऊन पाहिलं, तर सहावं नाव यादीत होतंच, वजा नव्वद. परत येऊन मी खूण केली. मग तो आतल्या भट्टीच्या खोलीत नेला, दुधाच्या कॅनमागच्या कोनाड्यात. आता दोन भिंती मध्ये होत्या. पुन्हा जाऊन पाहिलं. पाच नावं. सहावं गेलं होतं. दिवा क्षणभरही विझला नव्हता. मी खिडकीशी उभी राहून दत्तगुरूंना हात जोडले.

पावणेबाराला तबस्सुम साहेबांना घेऊन आली. नाईकनवरे साहेब शांत स्वभावाचे, बारीक, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. त्यांनी चहा नाकारला, पेढा घेतला. लॅपटॉपवर आमच्या खोलीचा नकाशा होता. ते पाच पावलं चालायचे, नकाशावर टिचकी मारायचे, पुन्हा पाच पावलं. खोलीचा कानाकोपरा हिरवा होत गेला. तबस्सुमने डोळ्यांनी मला विचारलं, सापडलं का. मी मान डोलावली. तिने ओढणी सावरली आणि मोठा श्वास सोडला.

बारा वाजून दहा मिनिटांनी साहेब टेबलाशी बसले आणि फॉर्म भरू लागले. खोली स्वच्छ आहे, म्हणाले. सरांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा पुढे केला.

"एक शेवटचं विचारायचं असतं," साहेब मान खाली घालून लिहीत म्हणाले. "तपासणीच्या आधी इथून कुठलं वायरलेस उपकरण हलवलंय का?"

"नाही," सर म्हणाले. लगेच म्हणाले.

तबस्सुम जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, तिला काय ठाऊक, ती कशाला खाली बघते.

"फॉर्मवर दोघांची सही लागते. मॅडम, तुम्ही?"

"त्यांचं मौन असतं साहेब, गुरुवारी," सर म्हणाले. "साडेबारापर्यंत. सव्वीस वर्षं. मान हलवतील फक्त."

साहेबांनी आदराने पेन खाली ठेवलं. "मग मानेनं सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात बारा बारा झाले होते. अठरा मिनिटं. काहीच करायचं नव्हतं. मान हलवली नाही तरी चाललं असतं. सरांनी तेही सांभाळून घेतलं असतं. माझा नेम, माझी सव्वीस वर्षं, सगळं माझ्या बाजूने उभं होतं. स्टँडवरच्या त्या बाकावरच्या अकराजणीही माझ्याच बाजूने उभ्या होत्या. गप्प बसायला एवढी चांगली कारणं मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. आणि तेव्हाच मला दिसलं की गुरुवार नसता तरी मी गप्पच बसले असते. मौन हे व्रत आहे की माझी सोय आहे, हा प्रश्न मी सव्वीस वर्षांत स्वतःला विचारलाच नव्हता.

"हलवलं," मी म्हणाले.

सकाळपासून न बोललेला घसा. आवाज फाटका आला. सरांच्या हातातला पुडा टेबलावर टेकला. दारातून मामांचा आवाज आला, "अरे देवा." आणि मग मला थांबता येईना. गुरुपौर्णिमा, भाचा, संकल्प, वजा बावीस, यूपीएस, बाबूरावांची भट्टी, सगळं मी साहेबांना सांगितलं. उदबत्तीसुद्धा.

साहेबांनी पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. आदल्या संध्याकाळी तबस्सुमने केलेला सर्व्हे होता तो. तपासणीआधी पाठवायचाच असतो. तिने नियमाप्रमाणे पाठवला होता आणि सरांना सांगायचं एस. टी.च्या खडखडाटात राहून गेलं होतं. यादीत सहा नावं होती. सहाव्याभोवती साहेबांनी लाल गोल केला होता.

"काल होतं, आज नाही," ते म्हणाले. "कुठं गेलं ते विचारत होतो. नाही म्हणाला असतात, तर माहिती लपवली असं लिहून मी पाचच्या गाडीला बसलो असतो."

सर खाली बसले.

"दाखवा दिवा."

आम्ही सगळे गेलो. बाबूरावांनी तोवर कोनाडा पुसून दिव्याला हार घातला होता, पुढे दोन पेढे ठेवले होते. साहेबांनी लॅपटॉप दुधाच्या कॅनवर ठेवून मोजलं. वजा एकवीस. त्यांनी नमस्कार केला की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही, पण पायताण त्यांनी बाहेर काढलं होतं.

तबस्सुम माझ्या कानाशी आली. "बाई, असले दिवे कशाला तरी जोडेपर्यंत स्वतःचं नेटवर्क सोडत असतात. तो पंचवीस दिवस हाका मारत होता, मला कुणीतरी जोडून घ्या म्हणून." मग तिने विचारलं, "मौन मोडलं तुमचं?"

मी म्हटलं, मोडलं.

मंजुरीचं पत्र सोळा दिवसांनी आलं. त्यात आठ अटी होत्या. आठवी अशी: 'सदर दिवा केंद्राच्या परिसरात पुन्हा आढळल्यास मान्यता आपोआप रद्द समजण्यात येईल.' सरांनी ते पत्र चौकटीत बसवून ऑफिसात लावलं आणि आठव्या अटीखाली निळ्या शाईने रेघ मारली. आल्यागेल्याला ते म्हणायचे, आमच्या बाईंच्या दिव्याला सरकारी पत्रात 'सदर' म्हणतात. मधले सोळा दिवस मात्र ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. केंद्र मिळालं म्हणून राग गेला. पण त्यांच्या तोंडच्या 'नाही'वर मी 'हलवलं' म्हणाले, ते त्यांना बरेच महिने लागून राहिलं होतं.

संकल्प पुरा झाला म्हणून मी दिवा शांत करायला गेले, तर बाबूराव भट्टीपुढून हलेनात. "तुमचं काम झालं बाई. माझी नात पुढच्या साली तुमच्याकडंच बसनार हाय. राहू दे की." मी राहू दिला. मौन मोडल्याचं प्रायश्चित्त काय घ्यावं हे गुरुजींना विचारायचं मनात होतं. दोनदा फोन हातात घेतला, दोन्हीदा ठेवला. अजून विचारलेलं नाही.

पुढच्या श्रावणात परीक्षा लागली, रविवारी. शिरोळच्या रस्त्यावर पुन्हा पाणी होतं, एस. टी. बंद. आदल्या खेपेला हुकलेल्या अकराजणींपैकी एक लग्न होऊन बेळगावला गेली होती. बाकीच्या चिखलातून चपला हातात घेऊन चालत आल्या. साडेनऊला दार बंद करायचं, मग कुणालाही आत घ्यायचं नाही, ही तिसरी अट. नऊ एकोणतीसला मी मोजल्या, नऊजणी होत्या. उज्ज्वला हेरवाडे नव्हती.

मी कडीला हात लावून उभी राहिले. जिन्यात पावलं वाजली. उज्ज्वला गुडघ्यापर्यंत भिजलेली, केसांत गवताची काडी, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. ती आत गेल्यावर मी दार लावलं, टेबलाशी आले आणि नोंदवहीत दार बंद केल्याची वेळ लिहिली.

सर माझ्या खांद्यावरून बघत होते. "बाई," ते अगदी हळू म्हणाले, "एकतीस का लिहिलंत?"

"एकतीसला लावलं म्हणून."